तीळ, मोहरी आणि खसखस

‘‘आता हे दुरुस्त होत नाही हो. अख्खा बोर्डच बदलावा लागेल.’’ हे वाक्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या घराने ऐकले नाही असे घर शोधून सापडायचे नाही. वॉशिंग मशीन असो, इन्व्हर्टर असो की टीव्ही. दारात आलेला तरुण कारागीर झाकण उघडतो, आत एकवार डोकावतो आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावे तशा आवाजात हे सांगतो. आपण विचारतो, किती? तो आकडा सांगतो. आकडा असा असतो की नवी वस्तू घेतलेलीच बरी वाटावी. मग नवी वस्तू येते, जुनी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते आणि आत नेमके काय बिघडले होते हे कुणालाच कळत नाही. सांगणाऱ्यालाही नाही.

कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘‘पार्ट फार बारीक असतात आता. हाताने होत नाही.’’ या उत्तराचा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसरा मात्र तपासून घ्यावा असा आहे. बँकेत दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असे वाक्य समोर आले की स्वस्थ बसवत नाही. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहून उरलेल्या वेळात मी हे वाक्य तपासायला बसलो. टेबल तेच, दिवा तोच. फक्त लेखणीच्या जागी सोल्डरिंगची कानस आली, असे म्हणणार होतो. पण कानस नव्हे, तिला बाजारात सरळ ‘आयर्न’ म्हणतात.

बारीक म्हणजे किती बारीक, ते आधी सांगतो. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचे मागचे झाकण ज्यांनी लहानपणी उघडले असेल त्यांना आतले दृश्य आठवत असेल. रंगीत पट्ट्यांचे छोटे नळकांड्यासारखे रेझिस्टर, चपट्या गोळ्यांसारखे कपॅसिटर, आणि प्रत्येकाला तारेचे दोन पाय. हे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जायचे आणि पलीकडच्या बाजूला त्यांना डाख दिलेला असायचा. आता पायही गेले आणि भोकेही गेली. बोर्डावर तांब्याचे इवलेसे चौकोन असतात, त्यांना ‘पॅड’ म्हणतात. त्यांच्यावर हे भाग नुसते बसवतात आणि बसल्या जागी सोल्डर करतात. म्हणून याला ‘सरफेस माउंट’ म्हणायचे.

यांची मापे चार आकड्यांत सांगतात, आणि ती समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यासारखे साधन नाही. १२०६ या मापाचा भाग ३.२ मिलिमीटर लांब आणि १.६ रुंद, म्हणजे तीळ. ०८०५ दोन मिलिमीटर लांब, ही मोहरी. ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, त्याला आपण राजगिरा म्हणू. ०४०२ एक मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद, ही खसखस. त्याच्याही खाली ०२०१ आहे, तो बारीक रव्याचा कण. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये असले दाणे शेकड्यांनी असतात, आणि एकट्या कपॅसिटरांचीच संख्या हल्लीच्या चांगल्या फोनमध्ये हजाराच्या आसपास जाते. मोठ्या रेझिस्टरवर निदान आकडे छापलेले असतात. १०३ लिहिले असेल तर दहावर तीन शून्ये, म्हणजे दहा हजार ओहम. चिनी मातीच्या कपॅसिटरवर तर काहीच लिहिलेले नसते. नाव नाही, गाव नाही. बदामी रंगाचा तुकडा, दोन टोकांना चंदेरी टोप्या. एकदा पट्टीतून बाहेर काढून दुसऱ्यात मिसळला की तो कुणाचा कोण, हे मीटरशिवाय सांगता येत नाही.

ही पद्धत काही कालपरवाची नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकात ती विकसित केली आणि चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाला वाट दाखवणाऱ्या संगणकात ती वापरली गेली. घरगुती वस्तूंत तिचा प्रसार झाला तो १९८० च्या दशकानंतर. कारखान्यात हे दाणे कागदी किंवा प्लॅस्टिकच्या फितीत ओळीने भरलेले येतात. यंत्राचा सोंड्या हात ते हवेने ओढून उचलतो आणि तासाला हजारोंच्या वेगाने पॅडवर ठेवत जातो. हे वेगाचे काम माणसाला जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही. पण बिघडलेल्या वस्तूत बदलायचा असतो एक दाणा. तो एक दाणा बसवायला यंत्राचा वेग लागत नाही, एवढी साधी गोष्ट ‘हाताने होत नाही’ म्हणताना विसरली जाते.

ही विसरण्याची सवय मी बँकेत जवळून पाहिली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शाखांमधून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. यंत्र बंद पडले की इंजिनियर यायचा, एक कार्ड काढायचा, दुसरे बसवायचा आणि जुने कार्ड पिशवीत घालून निघून जायचा. त्याने आमच्यासमोर आयर्न तापवलेले मला आठवत नाही. आम्हाला ते फार आधुनिक वाटे. दुरुस्ती म्हणजे बदली, हा नवा अर्थ आमच्या कोशात तेव्हाच शिरला असावा. बँकवाल्यांना बदली हा शब्द तसाही जवळचाच. असो.

आता या कामाचे मर्म. ते आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने लहानपणी गल्लीत उभे राहून पाहिलेले आहे, फक्त त्याला इलेक्ट्रॉनिक्स म्हणत नव्हते. कल्हईवाला आठवा. जमिनीत खळगा करून त्याने भाता लावलेला आहे, पितळेचे पातेले निखाऱ्यावर फिरते आहे. ते पुरते तापले की तो त्यात नवसागराची चिमूट टाकतो. भस्सकन पांढरा धूर उठतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवतो, चिंधीने एक फेरा मारतो आणि काळवंडलेल्या पातेल्यात आरसा उमटतो. नवसागराशिवाय तेच कथील त्याच पातेल्यात गोळ्या गोळ्या होऊन घरंगळले असते. धातूवर हवेमुळे चढलेला मळकट थर नवसागर खाऊन टाकतो आणि खाली उघडी पडलेली स्वच्छ धातू कथलाला जवळ करते. सोनाराचा टाकणखार हेच काम करतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवसागर चालत नाही, कारण तो मागे राहून पुढे तांबे खातो. तिथे पाइनच्या झाडाची राळ वापरतात. तिलाच ‘फ्लक्स’ म्हणायचे.

फ्लक्स असेल तर वितळलेला डाख स्वच्छ धातूकडे आपण होऊन धावतो आणि बोर्डावरच्या हिरव्या रोगणाला टाळतो. एवढेच नव्हे, पॅडवर किंचित तिरका बसलेला दाणा दोन्ही टोकांचा डाख एकाच वेळी वितळला की पृष्ठताणाने ओढला जाऊन आपोआप सरळ होतो. पारिजातकाची फुले पाण्याच्या वाटीत टाकली की ती जशी एकमेकांजवळ सरकतात, तसले हे ओढणे. भाग जितका लहान आणि हलका, तितका पृष्ठताणाचा जोर त्याच्यावर जास्त चालतो. म्हणजे ज्या बारीकपणाला आपण घाबरतो, तोच एका बाजूने मदतीला येतो. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी घालवली आमच्याच इमारतीतल्या एका मुलीने. त्या वेळी ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. मी तिला म्हटले, ‘‘अगं, साठी उलटलेला माणूस मी. हात थरथरतो, चष्म्याचा नंबर रोज बदलतो. मला कसं जमायचं?’’

ती म्हणाली, ‘‘काका, हात हवेत धरलात तर माझाही थरथरतो. मनगट टेबलावर टेकवा. आणि दिसत नाही ते हाताला जमणार नाहीच, आधी दिसायची सोय करा.’’

सोय म्हणजे दिवा बसवलेले मोठे भिंग, आणि तपासणीसाठी घड्याळजी डोळ्याला लावतात तसली दहापट मोठे दाखवणारी काच. मग तिने क्रम शिकवला. दोन पॅडपैकी एकावर आधी डाखाचा छोटा थेंब द्यायचा. दाणा चिमट्यात धरायचा, दुसऱ्या हाताने तो थेंब वितळवायचा आणि दाणा बाजूने त्यात सरकवायचा. आयर्न उचलायचे, पण चिमटा नाही. डाख गोठेपर्यंत एक श्वास थांबायचे. मग दुसरे टोक. शेवटी फ्लक्सचा ठिपका देऊन पहिल्या टोकाला पुन्हा एकदा उष्णता दाखवायची, की तोही सांधा चकाकतो. टोक ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवायचे आणि सांध्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचे नाही. नवशिके लोक काम होत नाही म्हणून आच वाढवत नेतात. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो फ्लक्स. भाजी लागली म्हणून गॅस मोठा करण्यातलाच हा प्रकार.

पुष्कळ पायांची चिप पाहून छाती दडपते, पण तिचीही युक्ती आहे. पाय पॅडवर नीट जुळवायचे, समोरासमोरचे दोन कोपरे पक्के करायचे, पायांच्या ओळीवर फ्लक्स सढळ हाताने लावायचा आणि टोकावर थोडा डाख घेऊन ओळीवरून सावकाश ओढत न्यायचा. प्रत्येक पाय आपला वाटा घेतो. दोन पायांमध्ये डाखाचा पूल झालाच तर तांब्याच्या विणलेल्या फितीने तो टिपून घ्यायचा. ही फीत म्हणजे डाखाचा टीपकागद. शाईच्या पेनाने लेजर लिहिलेल्या पिढीला टीपकागद समजावून सांगायला नको.

यातले खरे संकट वेगळेच आहे. चिमट्याचा दाब जरा जास्त झाला की दाणा टिचकी मारल्यासारखा उडतो आणि नाहीसा होतो. मोझेकच्या फरशीवर पडलेला ०६०३ परमेश्वरालाही सापडेल की नाही, शंका आहे. ‘‘अहो, झाडू आत्ताच मारू का तासाभराने?’’ असे स्वयंपाकघरातून विचारले जाऊ लागले तेव्हा मी कडांचे पांढरे ताट घेऊन त्यातच काम करू लागलो. ते ताट आता जेवणात वापरत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. पण ते सांगायलाच हवे असे का, ते पुढे येईल.

आमच्या घरी रक्तदाब मोजायचे बॅटरीवरचे यंत्र होते. ते टेबलावरून पडले आणि बंद झाले. दुकानदार म्हणाला, हे दुरुस्त करत नाहीत, नवीन घ्या. त्या मुलीने ते उघडले. मीटर लावून पाहिले तर वीज जिथून आत येते तिथेच शॉर्ट. पण एकाच पट्टीवर आठ-दहा कपॅसिटर. त्यातला गुन्हेगार कोणता? तिने बोर्डाला बेताची, अगदी थोडी वीज दिली आणि त्या रांगेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकले. पाहता पाहता एका कपॅसिटरवरचा थेंब बाकीच्यांच्या आधी उडून गेला. शॉर्ट झालेला तोच. वीज त्याच्यातून वाहत होती म्हणून तो तापला होता. भिंगातून पाहिले तर त्याच्या अंगावर केसाएवढी चीर. हे कपॅसिटर चिनी माती आणि धातू यांचे पापुद्रे एकावर एक रचून केलेले असतात. वस्तू पडली, बोर्ड क्षणभर वाकला की माती तडकते आणि आतले पापुद्रे एकमेकांना भिडतात. मोहरीएवढा, ०८०५ मापाचा तो तुकडा काढून नवा बसवला. किंमत रुपयाच्या आतबाहेर. यंत्र सुरू झाले. तरी मी ते लगेच वापरू दिले नाही. डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी तीन वेळा ताडून पाहिले आणि मगच कपाटात ठेवले. औषधाचा डोस ज्यावर ठरतो त्या वस्तूच्या बाबतीत ‘सुरू झाले’ आणि ‘बरोबर झाले’ यांत अंतर असते.

आता ताटाची गोष्ट. घरी वापरायला सोपा डाख म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे. तो १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो. शिसे विषारी म्हणून युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत, काही अपवाद सोडून, त्यावर बंधन घातले, आणि कारखान्यांनी कथील, चांदी व तांबे यांचा डाख घेतला. तो वितळायला २१७ अंशांच्या वर जावे लागते. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र शिशाचा डाख अजून सर्रास असतो. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धोका हातातून तोंडात जाण्याचा असतो. म्हणून जेवणाच्या टेबलावर हे काम नाही, काम करताना चहा-बिस्कीट नाही, उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय नातवंडाला उचलणे नाही. धूर असतो तो राळेचा, आणि तो सतत नाकात गेला तर दमा जडू शकतो. खिडकीकडे वारा ओढणारा छोटा पंखा ठेवावा. काही हौशी लोक डाखाची पेस्ट लावलेला बोर्ड ओव्हनमध्ये भाजून काढतात. करड्या पेस्टची एकाएकी चांदी होते आणि वाकडे बसलेले दाणे पोहत जागेवर येतात, ते दृश्य मोठे देखणे असते. पण ज्या ओव्हनमध्ये हे केले त्यात पुन्हा केक करू नये, कधीच.

आणि प्रत्येक गोष्ट घरी होते असेही नाही. थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या बोर्डात प्लग काढल्यावरही मोठा कपॅसिटर भरलेला राहतो. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो, तिथे शिकाऊ माणसाने हात घालू नये. काही चिपांचे सांधे पोटाखाली गोळ्यांच्या रूपात असतात, ते आयर्नला दिसतही नाहीत. काही वॉशिंग मशीनचे बोर्ड पाण्यापासून बचावासाठी लाखेसारख्या थरात बुडवलेले असतात, त्यांना उकरणे म्हणजे छळ. आणि काही वस्तूंत नवा भाग बसवला तरी आतले सॉफ्टवेअर तो ओळखायला नकार देते. बारीकपणाला उपाय आहे. या शेवटच्या अडवणुकीला भिंग-चिमट्याचा उपयोग नाही. म्हणून ‘हाताने होत नाही’ असे कुणी म्हटले की मी आता विचारतो, हाताने होत नाही, की होऊ द्यायचे नाही? माझा अनुभव असा की दोन्ही प्रकार आहेत, आणि दोन्हींसाठी वाक्य एकच वापरले जाते.

सरकारलाही याची थोडी जाग आली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करायला समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. पण नकाशा आणि सुटे भाग हातात आल्याशिवाय हक्काचे काय करायचे? जुन्या रेडिओच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. आज तो मागितला तर कंपनी गुपित म्हणते.

या सगळ्यात ज्यांचे नाव कुणी घेत नाही ते म्हणजे मोबाइल दुरुस्त करणारे गल्लीतले लोक. पुण्यातल्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास अर्ध्या गाळ्यात बसलेला पंचविशीतला मुलगा गरम हवेची नळी एका हातात धरून पोटाखालच्या गोळ्यांची चिप उचलतो, साफ करतो, नव्या गोळ्या देऊन पुन्हा बसवतो, आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकाला काच लावायचा भावही सांगतो. त्याला इंजिनियर म्हणत नाहीत. पुष्कळदा त्याच्याकडे प्रमाणपत्रही नसते. कंपनीच्या चकचकीत केंद्रात ‘होत नाही’ म्हणून परत पाठवलेले काम तो करतो. आपण मात्र त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

कुणाला सुरुवात करायची असेल तर चांगल्या वस्तूवर करू नये. सरावासाठी कोरे बोर्ड आणि सुट्या दाण्यांची पाकिटे पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. भंगारातला एखादा जुना बोर्ड तर फुकट. तापमान राखणारे आयर्न, वाकड्या टोकाचा चांगला चिमटा, फ्लक्स, फीत आणि भिंग. यात कंजुषी करायची असेल तर आयर्नमध्ये करावी, चिमट्यात आणि फ्लक्समध्ये नको. आधी तीळ, मग मोहरी. खसखशीपर्यंत जायची घाई नसावी. मी अजून राजगिऱ्यावरच आहे, आणि खसखस मला हलव्याच्या खिरीतच बरी वाटते.

ती मुलगी आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथे दाणे ठेवणारी यंत्रे तीन पाळ्यांत चालतात. तिचे टेबल मात्र ओळीच्या शेवटी आहे. एखादा दाणा एका टोकावर ताठ उभा राहिला, एखादा पाय उचललेला राहिला, की तो बोर्ड यंत्र बाजूला काढते आणि तिच्या ट्रेमध्ये येतो. ती भिंग ओढून घेते, मनगट टेबलावर टेकवते आणि हाताने तो दाणा बसवते. परवा जिन्यात भेटली तेव्हा विचारले, दिवसाला किती होतात? ‘‘पाळी कशी चालते त्यावर आहे, काका,’’ ती म्हणाली, ‘‘पण ट्रे रिकामा कधी पाहिला नाही.’’